आणा पाहू टेप!

मधुमेह मोठ्या माणसांना का गाठतो, याचं घरच्या घरी करायचं गणित

दोस्तहो, १४ नोव्हेंबर म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? बालदिन! पंडित नेहरूंचा वाढदिवस, शाळेत भाषणं, गोळ्या-चॉकलेटं आणि त्या दिवसापुरता हलका अभ्यास. पण याच तारखेला जगभर आणखी एक दिवस पाळतात, तो म्हणजे जागतिक मधुमेह दिन. १९९१ सालापासून ही पद्धत सुरू झाली. आता तुम्ही विचाराल, की त्यासाठी नेमकी हीच तारीख का? तर १४ नोव्हेंबर १८९१ रोजी कॅनडात फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्म झाला. या बँटिंगनी चार्ल्स बेस्ट या तरुण सहकाऱ्याच्या मदतीनं १९२१ साली टोरंटो शहरात इन्सुलिन शोधून काढलं. जानेवारी १९२२ मध्ये ते माणसाला पहिल्यांदा टोचलं. कोणाला, माहीत आहे? लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला! म्हणजे तुमच्यातल्याच कोणाच्या तरी वयाचा. तोपर्यंत हा आजार झालेली मुलं फार दिवस जगत नसत. लिओनार्ड पुढे तेरा वर्षं जगला.

आज आपण बोलणार आहोत ते मात्र मोठ्या माणसांना होणाऱ्या मधुमेहाबद्दल. "मग आम्हाला कशाला सांगता? आई-बाबांना सांगा की!" असं म्हणू नका. आई-बाबांनीही हे वाचावंच, पण एक काम आहे, ते तुम्हीच करायचं आहे. त्यासाठी हवी शिवणाच्या डब्यातली कापड मोजायची टेप, एक कागद, पेन्सिल आणि दुसरीतल्या मुलालाही येईल एवढी बेरीज. टेप शोधून ठेवा. तोवर आपण थोडी माहिती करून घेऊ.

पंगतीत किती जण?

मधुमेह किती जणांना आहे, हे नुसतं अंदाजानं सांगता येत नाही. त्यासाठी माणसांचं रक्त तपासावं लागतं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि चेन्नईची मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशन या संस्थांनी ते मोठं काम केलं. २००८ ते २०२० या काळात देशातल्या प्रत्येक राज्यात जाऊन त्यांनी वीस वर्षांवरच्या १,१३,०४३ माणसांची पाहणी केली. तिचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले आणि भलेभले चकित झाले. देशातल्या ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह होता. २०२१ सालच्या लोकसंख्येवर हिशेब केला, तर ही माणसं १० कोटी १० लाख भरतात! आणखी १५.३ टक्के लोक उंबरठ्यावर उभे होते. म्हणजे त्यांच्या रक्तातली साखर जास्त होती, पण मधुमेह म्हणावा इतकी नव्हती. या अवस्थेला 'मधुमेहपूर्व अवस्था' म्हणतात.

टक्केवारीनं डोकं गरगरतं ना? मग असं समजा, की एका लग्नात हजार मोठी माणसं जेवायला बसली आहेत. देशाच्या सरासरीनं पाहिलं तर त्यांतल्या ११४ जणांना मधुमेह आहे आणि १५३ जण उंबरठ्यावर आहेत. दोन्ही मिळून झाले २६७. म्हणजे दर चार पानांमागे किमान एका पानावर जिलबी वाढताना विचार करायला हवा.

हा आकडा सगळीकडे सारखा नाही. शहरांत शंभरातल्या सोळा-सतरा जणांना मधुमेह आढळला, तर खेड्यांत साधारण नऊ जणांना. सगळ्यांत वरचा नंबर लागला आपल्या शेजारच्या गोव्याचा. तिथे २६.४ टक्के, म्हणजे चार प्रौढांमागे एकाहून जास्त! सगळ्यांत कमी प्रमाण उत्तर प्रदेशात होतं, ४.८ टक्के. पण उत्तर प्रदेशानं खूश व्हावं असं नाही, कारण तिथे उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांची संख्या मोठी आहे.

पूर्वी असं होतं का? १९७२ ते ७५ च्या सुमारास देशात अशीच एक पाहणी झाली होती. तेव्हा शहरांत २.१ टक्के आणि खेड्यांत १.५ टक्के लोकांना मधुमेह आढळला होता. त्या वेळची मोजण्याची पद्धत वेगळी होती, म्हणून दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून नेमकी वजाबाकी करता येणार नाही. तरी पन्नास वर्षांत हा आजार कितीतरी पटींनी पसरला, एवढं नक्की. आणि हे फक्त आपल्याकडेच झालं असंही नाही. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या हिशेबानुसार २०२४ साली जगातल्या २० ते ७९ वयाच्या ५८ कोटी ९० लाख लोकांना मधुमेह होता, म्हणजे नऊ जणांमागे एकाला.

आता यातली खरी काळजीची गोष्ट ऐका. जगातल्या या मधुमेही माणसांपैकी दर दहांतल्या चारांहून अधिक जणांना आपल्याला मधुमेह आहे हे ठाऊकच नाही! ती माणसं रोज कामावर जातात, बाजार करतात, तुमचा अभ्यास घेतात, आणि आजार आतल्या आत आपलं काम करत राहतो.

जिन्यात साचलेलं दूध

हा आजार आत नेमकं काय करतो? एक इमारत डोळ्यांसमोर आणा. सकाळी दूधवाला येतो, एकेका दाराची बेल वाजवतो. दार उघडतं, पिशवी आत जाते. जिना मोकळाच राहतो.

आपण पोळी, भात, बटाटा, केळं असं काही खाल्लं की पचनानंतर त्याची ग्लुकोज नावाची साखर तयार होते. ही झाली दुधाची पिशवी. रक्त म्हणजे जिना, आणि शरीरातल्या कोट्यवधी पेशी म्हणजे घरं. पेशींना काम करायला ग्लुकोज हवंच असतं. पण स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींची दारं सहसा आपोआप उघडत नाहीत. कोणीतरी बेल वाजवावी लागते. बेल वाजवण्याचं हे काम करतं इन्सुलिन. ते पोटात जठराच्या मागे असलेल्या स्वादुपिंड नावाच्या अवयवात तयार होतं.

आता समजा, घरातल्या लोकांना बेल नीट ऐकूच येईना. काय होईल? दूधवाला पुन्हा पुन्हा, जोरजोरात बेल वाजवील. स्वादुपिंडही तसंच करतं. जास्त जास्त इन्सुलिन तयार करतं. काही वर्षं असं निभावतं. मग तेही थकतं आणि पिशव्या जिन्यात साचू लागतात. रक्तातली साखर वाढते, ती अशी. दूध जिन्यात नासलं तर साऱ्या इमारतीला त्रास होतो, नाही का? तसंच रक्तात वर्षानुवर्षं साचलेल्या साखरेमुळे लहान-मोठ्या रक्तवाहिन्या खराब होतात. त्याचा फटका डोळ्यांना, मूत्रपिंडांना, पायांच्या नसांना आणि हृदयाला बसतो.

साखर फारच वाढली की ती लघवीतून बाहेर पडू लागते. आपल्या जुन्या वैद्यांना हे ठाऊक होतं. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत या आजाराचं वर्णन आहे. मधु म्हणजे मध आणि मेह म्हणजे मूत्र, त्यावरून नाव पडलं मधुमेह.

वर्गातला मित्र आणि घरातले आजोबा

इथे एक फरक नीट लक्षात ठेवा. वर सांगितला तो 'टाइप टू', म्हणजे दुसऱ्या प्रकारचा मधुमेह. मोठ्या माणसांत बहुतेक वेळा हाच असतो. पहिल्या प्रकारात मात्र बेल वाजवणाराच नाहीसा झालेला असतो. शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्था चुकून स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर हल्ला करते. हा प्रकार बहुधा लहान वयात सुरू होतो, आणि अशा मुलांना रोज इन्सुलिन घ्यावंच लागतं. लिओनार्डला हाच मधुमेह होता.

तुमच्या वर्गात असा एखादा मित्र किंवा मैत्रीण असेल तर तीन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, हा मधुमेह गोड खाल्ल्यामुळे झालेला नाही. तिची चूक नाही, तिच्या आई-बाबांचीही नाही. दोन, हा आजार संसर्गानं पसरत नाही. खुशाल एका बाकावर बसा, डबा वाटून खा, खेळा. तीन, एखाद्या वेळी तिची साखर उलट एकदम खाली येऊ शकते. मग हातपाय थरथरतात, घाम फुटतो, गोंधळल्यासारखं होतं. अशा वेळी लगेच बाईंना किंवा सरांना हाक मारा. ती शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर साखर किंवा ग्लुकोज पावडर द्यायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, तातडीनं डॉक्टरांची मदत घ्यायची.

पाहुणा बेल का वाजवत नाही?

मोठ्यांचा मधुमेह लवकर लक्षात येत नाही, कारण सुरुवातीला काही दुखतच नाही. दात किडला तर ठणका लागतो, ताप आला तर अंग तापतं. साखर थोडी थोडी वाढत गेली तर काहीच होत नाही. फार वाढली म्हणजे मग खूप तहान लागणं, वारंवार लघवीला जावं लागणं, थकवा येणं, कारण नसताना वजन उतरणं, जखम लवकर भरून न येणं, अंधूक दिसणं अशी लक्षणं दिसतात. तोवर कित्येक वर्षं निघून गेलेली असू शकतात.

म्हणून लक्षणांची वाट पाहत बसायचं नाही, रक्त तपासायचं. रात्रभर काही न खाता सकाळी तपासलेल्या रक्तातली साखर १२६ किंवा त्याहून जास्त आली, तर मधुमेह असण्याची शक्यता असते. डॉक्टर सहसा पुन्हा एकदा तपासून खात्री करून घेतात. दुसरी एक चाचणी आहे 'एचबीएवनसी' नावाची. मागच्या साधारण तीन महिन्यांत साखर सरासरी किती होती, ते तिच्यावरून कळतं. ती ६.५ टक्के किंवा जास्त आली तर मधुमेह धरतात.

पुण्यात उकललेलं कोडं

आपल्याकडे पूर्वी एखाद्याचं पोट सुटलं की लोक कौतुकानं म्हणत, "खात्यापित्या घरचा दिसतोय!" आणि बारीक माणसाला म्हणत, "याला काय होतंय? काडी पहिलवान!" यातलं पहिलं कौतुक महागात पडतं, हे आता बऱ्याच जणांना कळलंय. पण दुसरं वाक्यही खरं नाही, हे कसं कळलं, त्याची गोष्ट पुण्याची आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाचा अभ्यास करत होते. त्यांना एक गोष्ट खटकत होती. पाश्चात्त्य पुस्तकांत लिहिलेलं असे, की हा आजार लठ्ठ आणि उतारवयातल्या लोकांना होतो. त्यांच्यासमोर येणारे रुग्ण मात्र तरुण असत आणि पुष्कळदा लठ्ठ नसत. असं का?

१९९३ साली त्यांच्या गटानं पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. गरोदर बायकांचा आहार, वजन यांची नोंद ठेवली आणि पुढे जन्मलेल्या बाळांची मापं घेतली. मग इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन गावातल्या बाळांशी तुलना केली. तिकडची बाळं सरासरी साडेतीन किलोंची, तर आपली जेमतेम पावणेतीन किलोंची. आपल्या बाळांचे दंड-पोटऱ्या बारीक, स्नायू कमी. पण पाठीवर त्वचेखालची चरबी मोजली, तर ती त्या मानानं फारशी कमी नव्हती! म्हणजे बाळ दिसायला किरकोळ, पण त्याच्या आकाराच्या मानानं आत चरबी जास्त. स्नायू हे साखर वापरणारं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक. तेच कमी आणि चरबी जास्त, म्हणजे पुढच्या आयुष्यात मधुमेहाला वाट मोकळी.

मोठ्या माणसांतही असंच असतं का? २००४ साली डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात चक्क स्वतःचंच उदाहरण छापलं. सोबत दोघांचा फोटो. उंचीच्या मानानं वजन किती, हे सांगणारा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचाही अगदी सारखा, २२.३. दोघंही सडसडीत. पण यंत्रानं शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्याला जे दिसलं नाही, ते असं बाहेर आलं.

म्हणूनच आपल्या लोकांसाठी वजनकाट्याइतकीच टेपही महत्त्वाची आहे. पोटाभोवती, आतल्या अवयवांजवळ साचणारी चरबी ही पेशींना बेल ऐकू येऊ देत नाही. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० सेंटिमीटर, ही धोक्याची रेषा मानतात.

हातातलं आणि हाताबाहेरचं

मधुमेहाचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींचे दोन ढीग करू.

पहिला ढीग आपल्या हातात नसलेल्या गोष्टींचा. वय वाढतं तसा धोका वाढतो. आई किंवा वडिलांना मधुमेह असेल तर मुलांना धोका जास्त, दोघांनाही असेल तर आणखी जास्त. गरोदरपणात जिची साखर वाढली होती, त्या आईला पुढे मधुमेह होण्याची शक्यता बरीच असते, मग बाळंतपणानंतर साखर उतरलेली का असेना. म्हणून तिनं अधूनमधून तपासणी करत राहायला हवी.

दुसरा ढीग हातातल्या गोष्टींचा. पोटाचा घेर. दिवसभर बसून राहणं, मग ते कचेरीतल्या खुर्चीत असो की घरी टीव्ही आणि मोबाइलसमोर. गरजेपेक्षा जास्त खाणं, त्यातही भात, मैदा आणि गोड पेयं यांचा मारा. तंबाखू आणि सिगारेट. रोजची अपुरी झोप.

"पण साखर खाल्ल्यानं मधुमेह होतो ना?" हा प्रश्न हमखास येतो. चहात चमचाभर साखर घातली म्हणून उद्या मधुमेह होत नाही. आणि "आम्ही गोड खातच नाही" म्हणणाऱ्यालाही तो होतो. पण रोज जादा साखर पोटात गेली की वजन आणि पोट वाढतं, आणि त्यातून धोका वाढतो. गूळ, मध घेतला म्हणजे सुटलो, असंही नाही. तीही साखरच.

करून पाहा : तुमच्या घरचं प्रगतिपुस्तक

आता घ्या ती टेप! चेन्नईच्या डॉक्टरांनी २००५ साली भारतीय लोकांसाठी एक सोपी गुणपद्धत तयार केली. रक्त काढायला नको, यंत्र नको. फक्त चार प्रश्न. ती वीस वर्षांवरच्या माणसांसाठी आहे, तेव्हा स्वतःला गुण देत बसू नका. आई, बाबा, काका, मावशी, जे कोणी असतील त्यांना विचारा. आणि हो, या परीक्षेत जास्त गुण मिळणं वाईट बरं का!

१. वय. ३५ पेक्षा कमी असेल तर ० गुण, ३५ ते ४९ असेल तर २०, पन्नास किंवा जास्त असेल तर ३०.

२. कंबर. स्त्री असेल तर ८० सेंटिमीटरपेक्षा कमीला ०, ८० ते ८९ ला १०, ९० किंवा जास्तला २०. पुरुष असेल तर ९० पेक्षा कमीला ०, ९० ते ९९ ला १०, १०० किंवा जास्तला २०.

३. हालचाल. नियमित व्यायामही आहे आणि कामही अंगमेहनतीचं आहे, तर ०. दोन्हींपैकी एकच असेल तर २०. व्यायाम नाही आणि काम बसून, तर ३०.

४. आई-वडील. दोघांनाही मधुमेह नसेल तर ०, एकाला असेल तर १०, दोघांनाही असेल तर २०.

कंबर मोजताना पँटचा पट्टा जिथे येतो तिथे मोजू नका. सगळ्यांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर टेप धरा. टेप आडवी सरळ हवी, आवळायची नाही. आणि पोट आत ओढून उभं राहणाऱ्या काकांना सांगा, "श्वास सोडा, मग मोजतो!"

बेरीज झाली? ३० पेक्षा कमी आली तर धोका कमी. ३० ते ५० आली तर मध्यम. ६० किंवा जास्त आली तर धोका मोठा. लक्षात ठेवा, ६० गुण म्हणजे मधुमेह झाला असं नव्हे. पण अशा माणसानं लवकरात लवकर रक्त तपासून घ्यायचं. ज्यांना मधुमेह आहे हे आधीच ठाऊक आहे, त्यांना हे गणित नको. त्यांनी डॉक्टरांनी दिलेली औषधं वेळेवर घ्यावीत.

एक उदाहरण सोडवू. समजा एक काका आहेत, वय ४२. त्याचे २० गुण. कंबर ९४, त्याचे १०. कचेरीत बसून काम, व्यायाम शून्य, त्याचे ३०. वडिलांना मधुमेह, त्याचे १०. एकूण झाले ७०. धोका मोठा! आता काकांनी वय कमी करायचं म्हटलं तर होणार आहे का? वडील बदलता येतील का? नाही. पण त्यांनी नियमित व्यायाम सुरू केला तर ३० चे २० होतील. पुढे कंबर ९० च्या आत आली तर तिथले १० जाऊन ० होईल. नवी बेरीज ५०. मोठ्या धोक्याच्या रांगेतून काका मधल्या रांगेत आले. चारपैकी दोनच प्रश्न हातात होते, पण त्या दोन प्रश्नांनी एवढा फरक पडला.

चेन्नईतले ५३१ जण

कागदावरचं गणित ठीक आहे, पण खरोखर असं घडतं का? हे तपासण्यासाठी डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंबरठ्यावरच्या ५३१ लोकांवर एक प्रयोग केला. त्याचा निकाल २००६ साली प्रसिद्ध झाला. काही लोकांना नेहमीसारखाच साधा सल्ला दिला. काहींच्या मात्र मागे लागून खाण्यापिण्यात बदल करून घेतले आणि रोज अर्धा तास भरभर चालायला लावलं. तीन वर्षांत पहिल्या गटातल्या शंभरांपैकी ५५ जणांना मधुमेह झाला. चालणाऱ्या गटात हा आकडा होता ३९. विशेष म्हणजे चालणाऱ्यांचं वजन काही फारसं उतरलं नव्हतं, तरी फायदा झाला. असं का? कारण स्नायू हलू लागले की ते इन्सुलिनच्या बेलची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर आत ओढून घेतात. घरातली माणसंच खाली येऊन आपापली दुधाची पिशवी घेऊन जावीत, तसं!

आपल्याकडे जेवणानंतर शतपावली करण्याची जुनी रीत आहे. ती पुन्हा सुरू करा. शंभरच पावलं नकोत, दहा-पंधरा मिनिटं चाला. आजी-आजोबांना सोबत घ्या, त्यांच्या चालीनं चाला. मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं व्यायाम हवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि तुम्हाला? रोज ६० मिनिटं! लंगडी, खोखो, सायकल, दोरीच्या उड्या, काहीही चालेल. आज कमावलेले स्नायू पुढे कामाला येतात.

आता ताटाकडे वळू. आपल्या ताटात डाव्या बाजूला कोशिंबीर-चटणी आणि उजव्या बाजूला भाजी-आमटी असते. भाताचा डोंगर आणि पोळ्यांची चळत यांच्यापुढे कोशिंबीर मात्र चिमूटभर! देशभरातल्या लोकांच्या आहाराचा एक अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की आपल्या ऊर्जेतला जवळजवळ ६२ टक्के वाटा धान्य आणि साखर यांसारख्या पिष्टमय आणि गोड पदार्थांतून येतो. भात सोडून तेवढ्याच पोळ्या खाल्ल्या तर फार काही साधत नाही. धान्याचा वाटाच थोडा कमी करून डाळ, मटकीची उसळ, ताक-दही, अंडी, मासे यांचा वाटा वाढवला तर फायदा होतो. तेव्हा कोशिंबीर डावभर वाढून घ्या, पालेभाजी नाक न मुरडता खा, आणि भात जरा आवरता घ्या.

थंड पेयाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं कधी वाचली आहेत? बहुतेक गोड पेयांत १०० मिलिलिटरमागे १० ते ११ ग्रॅम साखर असते. ३०० मिलिलिटरच्या बाटलीत झाली ३० ग्रॅमच्या वर. चहाचा एक चमचा म्हणजे सुमारे पाच ग्रॅम, म्हणजे सहा चमच्यांहून जास्त! चहाच्या एका कपात कोणी सहा चमचे साखर घातली तर तुम्ही तो प्याल का? २०२५ च्या मे महिन्यात सीबीएसईनं आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं. कशात किती साखर असते, ते मुलांना दिसावं, हा त्यामागचा हेतू. असा फळा तुम्हीही वर्गात करू शकाल. कारण पूर्वी मोठ्यांनाच होणारा हा दुसऱ्या प्रकारचा मधुमेह आता काही शाळकरी मुलांतही आढळू लागला आहे.

एक शेवटची विनंती

आजोबांनी सणाला एक मोदक उचलला, की सगळं घर त्यांच्यावर तुटून पडतं, "तुम्हाला साखर आहे ना?" हे काही बरं नव्हे. मधुमेह झालेल्या माणसाला आधीच पथ्यं, गोळ्या, तपासण्या यांचा कंटाळा आलेला असतो. त्यात अशी बोलणी बसली की माणूस लपवून खाऊ लागतो. त्यापेक्षा सगळ्यांचंच ताट बदला. आजोबांसाठी वेगळं आणि तुमच्यासाठी वेगळं, असं करू नका. आजोबांच्या ताटात उसळ आणि कोशिंबीर असेल तर तुमच्याही ताटात तीच असू दे. त्यांच्या वाटणीला आलेल्या अर्ध्या मोदकातला उरलेला अर्धा तुम्ही मटकवा, हवं तर!

आणि मोजलेल्या त्या चार आकड्यांचा कागद फेकून देऊ नका. त्यावर आजची तारीख लिहा आणि कपाटाच्या दारावर आतून चिकटवा. साठच्या वर कोण आहे, त्याच्या नावाभोवती गोल करा, आणि रक्त तपासून येईपर्यंत त्याच्या मागे लागा. सहा महिन्यांनी पुन्हा टेप काढा. "अभ्यास झाला का?" असं आई-बाबा तुम्हाला रोज विचारतात ना? आता तुम्ही त्यांना रोज रात्री जेवणानंतर विचारा, "चालून झालं का?"